‘मदरबोर्ड गेला समजा’ : जुन्या लॅपटॉपविषयीच्या एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांतून एकच संदेश माझ्याकडे पाच-सहा वेळा आला. जुना लॅपटॉप नीट सुरू होत नसेल तर काय करावे, हे त्यात मोठ्या ठामपणे सांगितले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : पाच वर्षांहून जुना लॅपटॉप सुरू होईना की मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) गेला समजावे, दिवा लागतो पण पडदा काळाच राहतो, तर ग्राफिक्सची चिप हेअर ड्रायरने गरम करावी, पिन बसते तो कोणताही चार्जर चालतो, विंडोजचे चिन्ह येऊन अडकत असेल तर तो व्हायरस असतो, ताबडतोब फॉरमॅट मारावे (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालावे), हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी, आणि एवढे करूनही जमले नाही तर विंडोज १० बंद झाल्यामुळे कंपनीनेच तो लॅपटॉप लांबून बंद केला आहे, तेव्हा तो भंगारात द्यावा.

आधी हौसेने आणि पुढे लोकांच्या गरजेपोटी मी गेली बारा वर्षे रत्नागिरीत ओळखीच्यांचे बंद पडलेले लॅपटॉप उघडून पाहत आलो आहे. या संदेशातला एकही सल्ला दुखणे नेमके कुठे आहे हे पाहण्यापासून सुरू होत नाही, आणि त्यातले दोन सल्ले तर असे आहेत की ते पाळले तर एरवी वाचली असती ती माहितीही हातची जाते. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा मदरबोर्डचा. बटण दाबल्यावर वीज आणि बॅटरी सांभाळणारी एक छोटी नियंत्रक चिप मदरबोर्डच्या निरनिराळ्या भागांना क्रमाने वीज देते, मग प्रोसेसर बायोस (मदरबोर्डवरच साठवलेला, यंत्र जागे करणारा प्रोग्रॅम) वाचू लागतो, बायोस रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती) तपासतो, पडदा उजळवतो, डिस्क शोधतो आणि शेवटी विंडोजच्या हाती कारभार सोपवतो. ही साखळी कोणत्या कडीला तुटली, यावर दुखणे कोणते ते ठरते. दुरुस्तीच्या दुकानांत ‘नो पॉवर’ आणि ‘नो डिस्प्ले’ अशा वेगळ्या तक्रारी लिहून घेतात त्या याचसाठी. एकही दिवा लागत नसेल तर आधी भिंतीतला सॉकेट, मग अडॅप्टर, मग अडॅप्टरची पिन जिथे बसते तो सैल झालेला जॅक, मग बॅटरी, अशा क्रमाने पाहावे लागते. त्यानंतर अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज उतरते आणि ती नियंत्रक चिप गोंधळून अडकलेली असेल तर नव्याने सुरू होते. मग बॅटरी न लावता नुसत्या अडॅप्टरवर लॅपटॉप चालू करून पाहावा; खराब बॅटरीमुळे उठत नसलेले लॅपटॉप एवढ्यानेच उठलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. (बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिला टोचू नये, दाबू नये आणि पुन्हा चार्जही करू नये.)

मागच्या जुलैत आमच्या आळीतले एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांचा २०१४ सालचा लॅपटॉप प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून घेऊन आले. “अरे, दुकानात तर मदरबोर्डच गेला म्हणाले. यातले फोटो तेवढे निघतील का बघ,” असे ते म्हणाले. बटण दाबले की दिवा लागे, पंखा दोन सेकंद फिरून थांबे, पुन्हा फिरे, आणि कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुके, पडदा काळा. हे लुकलुकणे निरर्थक नसते. पुष्कळ कंपन्यांच्या लॅपटॉपांत पडदा उजळण्याआधीच काही बिघडले तर ते दिव्याच्या उघडझापीने किंवा बीपच्या आवाजाने सांगण्याची सोय असते, आणि त्या-त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत कोणत्या संख्येचा काय अर्थ याचा तक्ता असतो. सरांच्या लॅपटॉपच्या तक्त्यात ती संख्या रॅमची होती.

खालचे झाकण उघडून रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, तर त्यांच्या सोनेरी दातांवर करड्या रंगाची पुसट साय धरलेली होती. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या यंत्रांत हे नेहमीचे आहे. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने ते दात हलक्या हाताने पुसले, रबराचा चुरा कोरड्या मऊ ब्रशने झाडला आणि एकेक पट्टी तिरकी धरून, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवून पाहिली. एका पट्टीने काही झाले नाही. दुसरीने मात्र पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले, आणि पाठोपाठ तारीख-वेळ लावलेली नाही अशी सूचना आली. मदरबोर्ड गेला नव्हता. रॅमची एक पट्टी खराब होती आणि दुसरीचा संपर्क सुटला होता.

मदरबोर्ड कधीच जात नाही असे मी म्हणत नाही. चहा सांडलेला, विजेच्या लोळाने जळलेला किंवा शॉर्ट झालेला बोर्ड मीही पाहिला आहे, आणि तेथे चिप लेव्हलचे, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलण्याचे, काम जाणणाऱ्या माणसाकडेच जावे लागते. पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा असतो, आणि लॅपटॉपच्या वयावरून तर कधीच काढायचा नसतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या डीडीआर३ रॅमच्या पट्ट्या आजही मिळतात.

दुसरा मुद्दा हेअर ड्रायरचा. या सल्ल्याला एक खरा इतिहास आहे, म्हणूनच तो इतका टिकला आहे. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केले की तिच्या लॅपटॉपसाठीच्या काही ग्राफिक्स चिपांचे पॅकेजिंग कमकुवत असल्याने त्या बिघडत आहेत, आणि त्यासाठी तिने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. त्या काळच्या अशा चिपा तापवल्या की तडकलेला सूक्ष्म जोड तात्पुरता जुळे आणि पडदा काही दिवस किंवा काही आठवडे उजळे. तेवढ्यावरून हा उपाय सर्वत्र पसरला. जोड चिपच्या आत तुटलेला असल्यामुळे तो पुन्हा तुटतच असे. घरातल्या हेअर ड्रायरने डाख वितळण्याइतकी उष्णता मिळतच नाही. आजूबाजूचे प्लॅस्टिकचे जोड आणि चिकटपट्ट्या मात्र सैल होतात. शिवाय काळ्या पडद्यामागे ग्राफिक्सची चिपच असते हे कोणी ठरवले? अंधाऱ्या खोलीत पडद्यावर टॉर्च तिरका धरून पाहावे. पुसट चित्र दिसले तर लॅपटॉप पूर्ण सुरू झालेला आहे, फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. टीव्हीला एचडीएमआयची किंवा जुन्या मॉनिटरला व्हीजीएची वायर जोडून तेथे चित्र येत असेल तर दोष पडद्यात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या त्याच्या केबलमध्ये आहे. या दोन तपासण्यांना पाच मिनिटे लागतात आणि त्यांनी काही बिघडत नाही.

चार्जरविषयी थोडक्यात सांगता येईल. अडॅप्टरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असे छापलेले असते तेव्हा तो साधारण ६५ वॅटचा असतो. व्होल्ट लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेल्या आकड्याशी जुळले पाहिजेत, पिनेच्या आतबाहेरचे धन-ऋण तेच पाहिजे, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. कमी पडले तर लॅपटॉप सुरू होताहोता, नेमका भार वाढण्याच्या वेळी, बंद पडतो आणि दोष मदरबोर्डच्या माथी जातो. डेलच्या गोल पिनेत मधोमध जी बारीक सुई असते तिच्यातून अडॅप्टरची ओळख पटवली जाते. ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप मंद चालतो आणि बॅटरी चार्ज करत नाही. पिन बसली एवढ्यावर चार्जर योग्य ठरत नाही.

चौथा मुद्दा, व्हायरस आणि फॉरमॅट, मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण माणसे आपली माहिती गमावतात ती येथे. सरांच्याच लॅपटॉपकडे परत जाऊ. रॅम बसल्यावर तो विंडोजपर्यंत पोहोचला नाही. बूट करण्याजोगी डिस्कच सापडत नाही, असे इंग्रजीत लिहून थांबला. संदेशाप्रमाणे वागलो असतो तर मी तेथेच फॉरमॅट मारले असते. पण आधीची तारखेची सूचना लक्षात होती. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, बहुधा सीआर२०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा. लॅपटॉप बंद असतानाही तो घड्याळ चालू ठेवतो आणि पुष्कळ जुन्या लॅपटॉपांत बायोसमध्ये केलेल्या निवडीही जपतो. सरांचा सेल पूर्ण उतरला होता. त्यामुळे बायोस मूळ स्थितीत गेले होते आणि डिस्ककडे यूईएफआय या नव्या पद्धतीने पाहत होते, उलट त्यांचे विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेले होते. सेल बदलला, बायोसमध्ये ती एक निवड पूर्ववत केली, आणि विंडोज उघडले. त्यात त्यांच्या दिवंगत पत्नीचे सगळे फोटो होते, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

विंडोजचे चिन्ह येऊन गोल फिरत राहण्याची कारणे अनेक असतात : अर्धवट राहिलेला अपडेट, बिघडलेला ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम), भरून गेलेली किंवा मरणपंथाला लागलेली डिस्क. विंडोज १० मध्ये सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तेथून सेफ मोडमध्ये (गरजेपुरतेच चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाता येते, शेवटचा अपडेट काढता येतो. तेही जमले नाही तर दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट ही विंडोजला पर्यायी मोफत प्रणाली घालून लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा, डिस्कला हात न लावता आतल्या फायली बाहेर उतरवून घ्याव्यात, आणि मगच फॉरमॅटचा विचार करावा. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) बंदिस्त असेल तर त्याआधी ४८ अंकी किल्ली शोधून ठेवावी लागते.

फ्रीजरचा सल्ला याहून वाईट आहे. फार पूर्वीच्या काही डिस्कांत अडकलेला भाग थंडीने आकसून क्षणभर सुटे, अशी त्यामागची समजूत. आजच्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरते आणि वाचणारे टोक तिच्यापासून इतक्या कमी अंतरावर तरंगते की ते केसाच्या जाडीचा हजारावा भागही नसते. फ्रीजरमधून बाहेर काढताच कोकणातल्या किंवा गोव्यातल्या हवेत त्या धातूवर दव धरते, आणि ते पाणी सर्किटवर किंवा तबकडीवर आले की उरलेसुरलेही जाते. टकटक ऐकू आली की लॅपटॉप बंद करावा आणि माहिती मोलाची असेल तर पुन्हा चालूसुद्धा न करता ती डिस्क माहिती सोडवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. टकटक नाही, पण डिस्क मंद झाली आहे आणि स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ती ठेवते त्यांत खराब सेक्टर (माहिती साठवण्याच्या बिघडलेल्या जागा) वाढत आहेत, अशा वेळी लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू हे मोफत साधन उपयोगी पडते. ते आधी सहज निघणारा भाग उतरवते, अडणाऱ्या जागा शेवटी घेते आणि कोठवर आलो याची नोंद ठेवते.

राहिला विंडोज १० चा मुद्दा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा पाठिंबा थांबवला हे खरे आहे. याचा अर्थ सुरक्षेचे मोफत अपडेट सर्वसाधारणपणे थांबले. कोणाचाही लॅपटॉप लांबून बंद केलेला नाही, आणि १५ ऑक्टोबरला जो लॅपटॉप सुरू झाला नाही तो इतर कोणत्याही दिवशी ज्या कारणांनी सुरू होत नाही त्याच कारणांनी झाला नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतले प्रोसेसर लागत असल्यामुळे २०१४ चे यंत्र तेथे अधिकृतपणे जात नाही. अपडेट न मिळणाऱ्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे, एवढी सावधगिरी त्या संदेशात असती तर मी तिला मान दिला असता. सरांच्या लॅपटॉपात आता एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आहे आणि तिच्यावर लिनक्स मिंट.

जुनी हार्ड डिस्क मी त्यांच्या हातात परत दिली. लॅपटॉप खरोखर भंगारात द्यायची वेळ आलीच, तरी तो देण्याआधी डिस्क काढून घरी ठेवावी, आणि बॅटरी वेगळी करून ई-कचरा अधिकृतपणे गोळा करणाऱ्यांकडे सोपवावी. रस्त्यावरच्या हातगाडीवर तोलून दिलेल्या लॅपटॉपबरोबर त्यातले फोटो, आधारच्या प्रती आणि पासवर्डही जातात.