आत्याचं अधिकृत वय

प्रवास ठरला की आमच्याकडे कपड्यांच्या आधी भरते ती आत्याची कागदांची पिशवी. जाड प्लास्टिकची, चेनवाली. तिच्यात आधारकार्ड, त्याची रंगीत झेरॉक्स, साधी झेरॉक्स, मतदान ओळखपत्र, रेशनकार्ड, पासबुक आणि कोण कधी काय मागेल सांगता येत नाही म्हणून कैलासवासी काकांचा पेन्शनचा कागदसुद्धा. काकांना आता कुणी तिकीट विचारणार नाही, हे तिला पटत नाही.

रेल्वेनं मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत थांबवली, तेव्हापासून आत्यानं रेल्वेशी अबोला धरलाय. आता फक्त एसटी. पंचाहत्तरी पूर्ण झाली की तिथं २०२२ पासून प्रवास फुकट, आणि आत्या शहात्तरची.

कार्डावर मात्र ती त्र्याहत्तरचीच आहे. आधारचा श्रीगणेशा २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाला. पुढे यथावकाश आमच्याही वॉर्डात शिबिर लागलं. जन्मदाखला नसला तर तोंडी सांगितलेलं वय चालायचं. आत्यानं खरं सांगितलंही असतं, पण रांगेत मागे धाकट्या जाऊबाई कान टवकारून उभ्या! आत्यानं तीन वर्षं गाळली. ते ऐकून जाऊबाईंनी चार गाळली. ऑपरेटरनं दोघींच्या नावापुढे निर्विकारपणे १ जानेवारी ठोकली आणि आमचं घराणं एका दुपारीत सात वर्षांनी तरुण झालं.

गेल्या दिवाळीत स्वारगेटहून साताऱ्याला निघालो. कंडक्टरनं कार्ड हातात घेतलं, चष्मा वर सरकवला.

"आजी, १९५२. हाफ लागेल."

"अरे बाळा, पानशेत फुटलं तेव्हा मी बारा वर्षांची घोडी होते! डोक्यावर गाठोडं घेऊन पर्वती चढलेय."

पानशेत फुटलं १९६१ साली. कंडक्टरनं बोटं मोजली. "कार्डावर तुम्ही तेव्हा नऊच्या."

"मग काय नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर गाठोडं दिलं असतं का?"

बिनतोड मुद्दा. पण तिकिटाच्या मशीनला गाठोड्याचं बटण नव्हतं. रेशनकार्ड झालं, पासबुक झालं, काकांचा कागदही निघाला. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, घंटी मारा!"

"आजी, तारीख दुरुस्त करून घ्या," कंडक्टर समजुतीनं म्हणाला. "पण एकदाच बदलून मिळते. जन्मदाखला लागेल."

"दाखला? सुईणीनं नाळ कापली बाबा, पावती नाही फाडली."

शेवटी हाफ निघालं. पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीचंही हाफच निघालं. २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट, तिला तर कुणी वयसुद्धा विचारलं नाही. आत्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. कात्रजचा बोगदा येईपर्यंत ती पिशवीची चेन उघडत-लावत धुमसत होती.

मुलगी बिचारी भली. मागे वळून म्हणाली, "आजी, तुम्ही इथं खिडकीशी बसता का?"

"आजी कुणाला म्हणतेस गं?" आत्या कडाडली. "कार्ड बघ आधी!"