आधी मोडक्या सिद्धता वाचायला द्या

डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या, म्हणजे पूर्ण संख्यांसारख्या सुट्या गोष्टींच्या गणिताच्या, पहिल्या सत्रात फळ्यावर एकामागून एक निर्दोष सिद्धता (प्रूफ) उतरत जातात आणि सत्राअखेर विद्यार्थ्याने तशीच एखादी स्वतः लिहावी अशी अपेक्षा असते. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. निर्दोष सिद्धतेत प्रत्येक ओळ इतक्या सहजपणे पुढच्या ओळीत मिसळते, की ती नसती तर काय बिघडले असते हे वाचणाऱ्याला कळत नाही.

विगमनाचे, म्हणजे इंडक्शनचे, उदाहरण घ्या: विधान १ साठी खरे दाखवायचे, मग ‘न’ साठी खरे मानून न + १ साठी सिद्ध करायचे, की ते शिडीच्या पायऱ्यांसारखे सगळ्याच संख्यांसाठी खरे ठरते. ‘सर्व घोडे एकाच रंगाचे असतात’ याची प्रसिद्ध खोटी सिद्धता अशी: एका घोड्याच्या गटात विधान उघडच खरे आहे, ‘न’ घोड्यांच्या प्रत्येक गटासाठी ते खरे मानले, तर न + १ घोड्यांतून आधी शेवटचा बाजूला काढावा, मग त्याला परत घेऊन पहिला काढावा, दोन्ही वेळा उरलेले ‘न’ घोडे एकरंगी, आणि मधले घोडे दोन्ही गटांत येत असल्यामुळे सगळेच एकरंगी. निष्कर्ष हास्यास्पद आहे हे सर्वांनाच दिसते, पण नेमकी कोणती ओळ चुकली असे विचारले की वर्ग शांत होतो. पुष्कळांचे बोट ‘न साठी खरे मानले’ या ओळीवर जाते, आणि तिच्यात तर काहीच वावगे नाही. खोट आहे ती एकावरून दोनावर जाताना, कारण घोडे दोनच असतील तर ‘मधले’ असे कोणी उरतच नाही. पुढच्या साऱ्या पायऱ्या भक्कम आहेत. शिडीवर चढताच येत नाही, एवढेच.

माझी स्वतःची जुनी खोड वेगळी होती: जे सिद्ध करायचे तेच पहिल्या ओळीत लिहायचे आणि ० = ० मिळाले की समाधानाने पेन खाली ठेवायचे. −१ = १ मानून दोन्ही बाजूंचा वर्ग केला तरी १ = १ हे सत्यच हाती येते, हे कोणी दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

मूळ संख्या अनंत आहेत या युक्लिडच्या सिद्धतेचेही असेच होते; तिच्यात मूळ संख्यांची कोणतीही यादी अपुरी असते हे दाखवायचे असते. मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की नवी मूळ संख्या मिळते, असे अनेक जण पाठ करतात; पण २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ आणि ती ५९ × ५०९ आहे. सिद्धतेला हवा असतो तो केवळ यादीबाहेरचा एक मूळ अवयव.

चुका फक्त विद्यार्थ्यांच्याच असतात असेही नाही. कोणताही नकाशा शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांत येतील असा रंगवायला चार रंग पुरतात, या चार रंगांच्या प्रमेयाची गणिती केंपे यांनी १८७९ मध्ये दिलेली सिद्धता ११ वर्षे ग्राह्य धरली गेली. १८९० मध्ये हीवुड यांनी तिच्यातील त्रुटी दाखवली आणि केंपे यांचीच युक्ती वापरून पाच रंग नक्की पुरतात हे सिद्ध केले. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत असा एक प्रश्न असावा: ही सिद्धता चुकली आहे, ओळ दाखवा, आणि तिच्यातून काय वाचवता येईल ते लिहा.