दाराला आडवा दांडा लावताय? आधी एवढं वाचा

गेल्या पावसाळ्यात आईच्या दाराबाहेर मी वीस-पंचवीस मिनिटं उभी होते. किल्ली हातात होती, लॅचही उघडलं होतं. पण दार तसूभर हलत नव्हतं, कारण आतून हँडलखाली लोखंडी दांडा लावलेला होता. तो दांडा मीच ऑनलाइन मागवून दिला होता.

आई कोल्हापुरात मंगळवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. त्याआधी महिनाभरात गल्लीत दोन बंद घरं फुटली होती, त्यामुळे रात्री तिला झोप लागत नव्हती. मला वाटलं, दांडा लावला की काळजी मिटली. त्या दिवशी पहाटे ती बाथरूमच्या दारात घसरून पडली. आतून आवाज येत होता, "अगं, उठताच येईना झालंय." शेजारच्या काकांनी दोनदा खांदा लावून पाहिला. पण या दांड्याची करामतच अशी आहे की बाहेरून जितका जोर लावाल तितका त्याचा रबरी पाय फरशीला घट्ट धरतो. शेवटी गल्लीतला एक पोरगा शिडी लावून बाल्कनीतून आत गेला आणि त्यानं दांडा काढला. आईचं मनगट मोडलं होतं. तेवढ्यावर निभावलं, पण ती पंचवीस मिनिटं माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत.

आता आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर ठरतंय की सगळ्यांनी मिळून असेच दांडे मागवायचे आणि मागच्या जिन्याच्या गेटला रात्री कुलूप घालायचं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दार मजबूत करण्याला माझा विरोध नाही, उलट आग्रहच आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारं लावून घेतली आणि 20 गरोदर बायकांना टोकाच्या पँट्रीत नेऊन वाचवलं. वेळेवर लागलेल्या दाराची किंमत काय असते, हे त्या बायकांना विचारावं.

प्रश्न आहे तो दार कसं लागतं आणि कसं उघडतं याचा.

आजोळी कागलकडच्या वाड्याला अडसर होता. मांडीएवढा जाड सागवानी वासा, दोन्ही बाजूंच्या भिंतीत खोबण्या. दिवसा तो भिंतीच्या पोटात सरकवलेला असायचा, तिन्हीसांजेला आजोबा ओढून आडवा करायचे. आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "पूर्वीपासून अडसर होतेच की." होते ना. पण त्या वाड्याला परसदारही होतं, आणि आत पंधरा माणसं झोपलेली असायची. कुणी पडलं तर दहा जण उठत. आज फ्लॅटला दार एकच आणि आत माणूस एकच. अडसर तोच राहिला, पण घर बदललं.

आईचं दार नीट करायला आलेल्या सुतारमामांनी मला एक गोष्ट दाखवली. टॉवर बोल्टची दांडी चांगली बोटाएवढी जाड होती. पण ती ज्या पट्टीत अडकते, ती पट्टी चौकटीवर अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंनी टेकवलेली. त्यांनी पेचकस घालून ती एका झटक्यात उचकटली. म्हणाले, "ताई, लाथ बसली की कडी न्हाई तुटत, चौकट सोडती." मग त्यांनी जाड पट्टी बसवली, तीन-तीन इंचाचे स्क्रू चौकटीतून आरपार भिंतीत नेले, बिजागरीचेही बदलले. दांड्यापेक्षा स्वस्तात काम झालं.

दुसरी गोष्ट बाहेरच्या कडीची. चोरीच्या बातम्यांत ही ओळ आपण कितीदा वाचतो: शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घालून मग चोरट्यांनी बंद घर फोडलं. तरीही आपल्या जुन्या इमारतींत घरोघरी बाहेरून कडी आहेच. शाळांत तर वर्गाला बाहेरून भक्कम कडी आणि आतून एकच खिटी, तीही दाराच्या वरच्या टोकाला. तिसरीतल्या मुलाचा हात तिथं पोचत नाही.

अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत 14 डिसेंबर 2012 रोजी गोळीबारात 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. तिथल्या वर्गांची दारं कुलूपबंद करायची तर शिक्षकाला किल्ली घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये यावं लागे. चौकशी आयोगानं 2015 च्या अहवालात सांगितलं की वर्ग आतून लॉक करता आला पाहिजे. दरम्यान बाजारात आडवे दांडे, जमिनीत बसणाऱ्या खिळी, पाचरी यांचा पूर आला. त्यावर अग्निशमनवाल्यांनी हरकत घेतली, आणि ती मला शंभर टक्के पटते. त्यांचं म्हणणं असं की दाराचा लॉक आतल्या माणसाला किल्लीशिवाय, एकाच हालचालीत उघडता यावा, तो जमिनीपासून 34 ते 48 इंचांच्या दरम्यान असावा, आणि मदतीला येणाऱ्यांना बाहेरून उघडायची सोय असावी. ही शेवटची सोय नव्हती म्हणून मी आईच्या दाराबाहेर उभी होते.

आणि दांडा चोराच्याच हातात आला तर? 2007 साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात हल्लेखोरानंच इमारतीच्या दारांना आतून साखळ्या घातल्या होत्या.

मागच्या जिन्याच्या कुलपाबद्दल मात्र मी अजिबात ऐकणार नाही. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 माणसं गेली. बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या, धुरानं गुदमरून माणसं मेली. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही स्पष्ट आहे की बाहेर पडण्याचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण कोल्हापूरकरांनी डोळ्यांनी पाहिलं. सुदैवानं जीवितहानी झाली नाही. पण आग किती वेगानं पसरते, हे त्या रात्री खासबागेबाहेर उभ्या असलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. अशा वेळी अंधारात, धुरात मागच्या गेटची किल्ली कुणाच्या घरी आहे हे शोधत फिरायचं का? त्या गेटला बाहेरून न उघडणारं आणि आतून बार ढकलला की उघडणारं लॉक बसवू. थिएटरमध्ये, मॉलमध्ये असतं तसंच. उद्यमनगरातला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर ते गेटवर नीट बसवून देईल.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मांडणार आहे: घरोघरच्या बाहेरच्या कड्या काढणं, चौकटीच्या पट्ट्या आणि स्क्रू बदलणं, आणि मागच्या गेटचं हे लॉक. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस एकटं आहे त्यांनी दांडा लावू नये, अशी हात जोडून विनंती. आईच्या दाराला आता बाहेरून किल्लीनं उघडणारा लॉक आहे, आतून नुसती मूठ फिरवली की उघडतो. एक किल्ली शेजारच्या काकांकडे असते. तो दांडा माझ्याकडे माळ्यावर पडून आहे, कुणी मागितला तरी मी देणार नाही.