खुलासा : फेलोशिप नाही म्हणजे पीएचडी स्वखर्चानेच, हे खरे नाही

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे : ‘परदेशात पीएचडी करायची तर आधी फेलोशिप हातात हवी, नाहीतर सगळा खर्च खिशातून.’ हा दावा चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली मुले अर्जच करत नाहीत, याचे फार वाईट वाटते.

अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पीएचडीचा खर्च बहुतेक वेळा रिसर्च असिस्टंटशिपमधून, म्हणजे प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पात काम करून, भागतो. प्राध्यापकाला प्रकल्पासाठी अनुदान मिळालेले असते. त्यातून शिक्षणशुल्क भरले जाते आणि दरमहा मानधनही मिळते. म्हणून कोणत्या प्रयोगशाळेत कोणता प्रकल्प चालू आहे, हे आधी शोधा. प्राध्यापकांना ईमेल पाठवताना त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातला नेमका मुद्दा घ्या आणि त्यावर आपण काय करू शकतो ते चार ओळींत लिहा. सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका.

जर्मनीत तर पीएचडी करणारे अनेक जण विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात.

संदेशात अमेरिकेच्या एनएसएफची (नॅशनल सायन्स फाउंडेशन, संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप ‘सर्वांसाठी खुली’ असल्याचेही म्हटले आहे. तसे नाही. ती फक्त अमेरिकेचे नागरिक, ‘नॅशनल’ (अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांसारखे, पूर्ण नागरिकत्व नसलेले) आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. राष्ट्रीयत्वाची अट नसलेली संधी हवी असेल, तर युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क्स ही पीएचडी करणाऱ्यांना पगारी नेमणूक देणारी योजना पाहा. तिथे अट वेगळी : नेमणुकीआधीच्या 36 महिन्यांत, ज्या देशात नेमणूक होणार त्या देशात 12 महिन्यांहून अधिक वास्तव्य नसावे. या जागांच्या जाहिराती युरॅक्सेस (EURAXESS) या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या युरोपीय संकेतस्थळावर येतात.