बुद्धांचीही पाठ दुखत होती

'आत्मज्ञानाची लक्षणं' असा एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सगळ्या धर्मांतलं ज्ञान एकच, भुवयांच्या मध्ये प्रकाश दिसला की ते झालं, आणि ज्ञानी माणसाला दुखणं शिवत नाही. आईने तो वाचला आणि गुडघ्यांची गोळी बंद केली. चार दिवसांनी ती भिंत धरून उठताना दिसली. विचारलं तर म्हणाली, "दुखतंय म्हणजे माझंच ध्यान कच्चं आहे." म्हणून आधी हाच मुद्दा घेते.

मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथात सेखसुत्त नावाचं प्रवचन आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवं सभागृह बांधलंय. बुद्ध रात्री उशिरापर्यंत धम्म सांगतात आणि मग शिष्य आनंदाला म्हणतात, पुढचं तू सांग, माझी पाठ दुखतेय, जरा आडवा होतो. संघाटीची, म्हणजे भिक्खूच्या वरच्या वस्त्राची, चौघडी अंथरून ते उजव्या कुशीवर निजतात. बोधी मिळून गेल्यानंतरची ही गोष्ट, आणि अनुयायांनी ती न लपवता जपली. जीवक वैद्याचं औषधही बुद्धांनी घेतलं. अद्वैती संत रमण महर्षींच्या हातावरच्या गाठीची चार वेळा शस्त्रक्रिया झाली, १९५० साली ते गेले. यांचीही साधना कच्ची म्हणायची का?

मग ज्ञानाने बदलतं काय? बुद्धांचंच दुसरं प्रवचन, सल्लसुत्त, सांगतं: अज्ञानी माणसाला दोन बाण लागतात, एक शरीराला, एक मनाला. ज्ञानी शिष्याला फक्त पहिला. तो बाण कुणालाच चुकत नाही. आईला दुसरा बाण या मेसेजने मारला.

'सगळं एकच' यात थोडं तथ्य आहे, मान्य. 'मी'ची पकड सुटणं बऱ्याच परंपरांत सापडतं. पण पुढे वाटा फुटतात. अद्वैतात आत्माच ब्रह्म, बौद्ध मतात आत्माच नाही, जैन मतात मुक्त झालेला प्रत्येक जीव वेगळाच राहतो. सूफींच्या फनानंतर, म्हणजे 'मी' विरून गेल्यावर, बका येतं, म्हणजे देवात टिकून राहणं, आणि माणूस देवाचा बंदाच राहतो. हे फरक पुसून टाकायचे तर या लोकांनी शतकानुशतकं वाद घातले कशासाठी?

राहिला प्रकाश. ध्यानात असं दिसू शकतं. झेन या बौद्ध ध्यानपरंपरेत त्याला माक्यो म्हणतात आणि गुरू सांगतात, लक्ष देऊ नकोस, बसून राहा. आईला तो कधीच दिसलेला नाही, आणि तेही तिने मनाला लावून घेतलंय.