टायर मुरू द्या

गाडी घेऊन नऊ वर्षं झाली, फिरली अवघी बावीस हजार किलोमीटर, आणि टायर अजून कंपनीतून आले तेच! सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे वाक्य जरा मोठ्यानेच म्हणायचं असतं. नक्षी पाच मिलिमीटर शिल्लक आहे, नव्या टायरला आठच्या आसपास असते, म्हणजे निम्म्याहून जास्त माल बाकी. असले टायर बदला म्हणणारा माणूस टायरवाल्याचा मेहुणा असणार, हे ओळखून असावं. टायर हा लोणच्यासारखा असतो. जितका मुरेल तितका चांगला.

मुरवण्याची कृती सोपी आहे. गाडी चालवू नका, बस्स. रबर करताना त्यात मेण आणि रबराला चिरा पाडणाऱ्या हवेतल्या ओझोनला अडवणारी रसायनं घातलेली असतात. चाक फिरतं, रबर दबतं आणि सुटतं, तसं ते मेण हळूहळू वर येऊन पातळ थर धरतं. उभ्या गाडीत हा उपद्व्याप बंद पडतो आणि ओझोनला रान मोकळं मिळतं. तेव्हा दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन थेट चाकांवर येईल अशी जागा धरा. बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, मात्र गाडी वीतभरही हलवू नका. दोन-तीन उन्हाळ्यांत टायरच्या बाजूला केसाएवढ्या बारीक चिरा दिसू लागतील. मुरायला लागल्याची ही पहिली खूण.

बाहेरून चिरा दिसल्या नाहीत तरी निराश होऊ नका, आतून काम चालूच असतं. टायरमध्ये भरलेल्या हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो. दाबाखाली तो आतल्या अस्तरातून झिरपत नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांभोवतीच्या रबरापर्यंत पोहोचतो आणि ते रबर कडक, ठिसूळ करतो. उष्णतेत हे आणखी भरभर होतं, त्यामुळे नागपूर-जळगावकडच्या मंडळींना ही देणगी निसर्गतःच लाभलेली आहे. चिरा फारच उठून दिसायला लागल्या, तर धुण्याच्या ठिकाणी पन्नास रुपये जास्त देऊन टायर पॉलिश मारून घ्या. चकाकत्या काळ्या थराखाली सगळं झाकलं जातं, तुमच्यापासूनसुद्धा.

टायरचं वय बघायच्या भानगडीत शक्यतो पडूच नका. बघायचं ठरवलंच, तर बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१७ असेल तर २०१७ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. कंपनीने ही पूर्ण ओळ एकाच बाजूला ठेवून तुमची सोय केली आहे. ती बहुतेक वेळा गाडीच्या पोटाकडे असते. पुढच्या चाकांचं स्टेअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारला की दिसते, मागच्यांसाठी फरशीवर आडवं व्हावं लागतं. कोण होतंय! नवीन टायर घेतानाही आकडे विचारू नका. बिल आजचं आहे ना? मग दुकानाच्या माळ्यावर तो तीन वर्षं पडून होता की काय, याची चौकशी करणं असभ्यपणाचं.

बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. मिशेलिन म्हणते, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दिसायला कितीही ठणठणीत असला तरी उत्पादनापासून दहा वर्षांनी काढून टाका. त्यांना टायर विकायचे आहेत, त्यांचं काय ऐकायचं? ब्रिटनने २०२१ सालापासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर लावायला कायद्याने बंदी घातली, ते तर काय, थंड देशातले भित्रे लोक. २०१२ साली तिकडे एक बस रस्ता सोडून झाडावर गेली, तीन माणसं गेली. फुटलेला टायर एकोणीस वर्षांचा होता. एवढ्यावरून कायदे करतात.

आता प्रवास. उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून निघताना चार-पाच पीएसआय कमीच ठेवावी, हा चौकातला सल्ला शिरसावंद्य माना. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त वाकते, वाकली की तापते, आणि ज्या उष्णतेच्या भीतीने हवा काढली ती आतूनच तयार होते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर थंड टायरचा आकडा छापलेला आहे, भरल्या गाडीसाठी बहुतेकदा वेगळा आणि जास्त. तो स्टिकर मुळीच वाचू नका. हवा तपासायचीच झाली तर पन्नास किलोमीटर पळवून, टायर गरम असताना तपासा, आकडा वाढलेला दिसला की हवा खुशाल सोडून द्या.

मग दिवाळीला पाच माणसं, डिकीत फराळाचे डबे, वर कॅरिअर, आणि समृद्धीवर चढा. ७०१ किलोमीटर, वेगमर्यादा १२०, वळणं जवळपास नाहीत. शहरात ज्या टायरला चाळीसच्या वर कधी जावं लागलं नाही, त्याला आता तासन्‌तास एकाच वेगाने फिरायचं आहे. ठिसूळ रबराची पहिली चीर पोलादी पट्ट्यांच्या कडेला पडते. ती दोन पट्ट्यांच्या मधून आत सरकते आणि वरच्या नक्षीचा पट्टा सुटायला लागतो. अशा वेळी एखाद्या ठिकाणी टायर फुगतो, स्टेअरिंगला धडधड येते, ऐंशीला वाढते. गाणी मोठ्याने लावली की ती जाणवत नाही. अलाइनमेंट बिघडली असेल म्हणा आणि पुढे चला. पट्टा निघालाच तर घाबरून कचकन ब्रेक मारा आणि स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवा. स्टेअरिंग सरळ घट्ट धरून, ॲक्सिलरेटर हळू सोडून गाडी आपोआप मंदावू द्यायची, हा कंटाळवाणा प्रकार पुस्तकी लोकांचा.

दोनच टायर बदलायचं ठरलं तर नवे पुढेच बसवा, स्टेअरिंग तिकडे असतं ना. पावसात जुन्या कडक टायरांवरची मागची बाजू घसरली की गाडी स्वतःभोवती फिरते आणि ती स्टेअरिंगने सावरता येत नाही, एवढंच. कायद्याची काळजी नको. तो नक्षीची खोली बघतो. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांशी नक्षी समतल झाली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. तुमच्याकडे तर पाच आहेत.

आणि एवढं करून टायर फुटलाच, तर डिकीतले फराळाचे डबे रस्त्याच्या कडेला उतरवा, गालिचा उचला आणि स्टेपनी काढा. कधी वापरली नाही, कोरी करकरीत, रबराचे बारीक केससुद्धा अजून तसेच. नऊ उन्हाळे बंद डिकीत. हवा अकरा पीएसआय.