मावशी, लिफ्टमध्ये उड्या मारू नकोस

माझी मावशी 71 वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले. परवा तिच्याबरोबर सातव्या मजल्यावरून खाली येत होतो, तर ही बाई दांडी धरून टाचा उचलतेय. "प्रॅक्टिस," म्हणाली. सोसायटीच्या ग्रुपवर आलंय म्हणे: 'लिफ्टचा दोर तुटला तर जमीन येईल त्या क्षणी उडी मारा. पडत्या लिफ्टमध्ये वजन शून्य असतं, म्हणून इजा होत नाही. लिफ्ट अडकली तर सगळ्यांनी एकदम उड्या मारा, सुरू होते. शक्यतो एकट्याने जा, हलकी लिफ्ट पडत नाही.' खाली 'विज्ञानाने सिद्ध' आणि जोडलेले हात.

आधी ती उडी. सातवा मजला म्हणजे साधारण 21 मीटर. काहीही अडवणारं नसेल तर दोन सेकंदांत लिफ्ट तळाला, वेग ताशी 73 किलोमीटर. धडधाकट माणूस जागच्या जागी 30 सेंटिमीटर उडतो, म्हणजे जमीन सोडताना त्याचा वेग ताशी 9 किलोमीटरच्या आसपास. वजा करा. उरले 64. एवढ्या वेगाने आपटणं म्हणजे सातव्याऐवजी साडेपाचव्या मजल्यावरून पडणं. मावशीची उडी पाच सेंटिमीटरची धरू (उदार होऊन). ती सव्वासहाव्यावरून पडेल.

आणि 'जमीन येईल तो क्षण' बंद डब्यात कळणार कसा? वजन नाही म्हणजे उडी मारल्यावर परत खाली येणंही नाही, माणूस सरळ वर जात राहतो. डोक्यावर अर्धा मीटर मोकळा असेल तर पाव सेकंदाच्या आत टाळकं छताला. त्याच पाव सेकंदात लिफ्ट पाच मीटर खाली गेलेली असते. किंचित लवकर उडालात तर आधी डोकं, मग पाय.

वजन शून्य होतं हे मात्र खरं. मान्य. मोकळ्या पडत्या लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं राहिलात तर काटा शून्य दाखवेल. पण मार काट्याच्या आकड्याने लागत नाही, वेग एकदम थांबल्याने लागतो. मावशीचे 58 किलो वस्तुमान कुठेही गेलेलं नसतं.

मुळात लिफ्ट अशी पडू नये याची सोय दीडशेहून अधिक वर्षं जुनी आहे. 1854 साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक बनवणारा एलिशा ओटिस उंच फळीवर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर त्याने दोर तोडायला लावला. फळी थोडीशी घसरली आणि अडकली. आजच्या लिफ्टला एक नाही, अनेक दोर असतात, आणि वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गव्हर्नर (वेगावर नजर ठेवणारं यंत्र) लिफ्टखालचे जबडे गाइड रेलवर, म्हणजे लिफ्ट ज्यांच्या आधाराने सरकते त्या रुळांवर, आवळतो. 1945 मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवर बॉम्बर विमान आदळलं, दोर आणि सुरक्षायंत्रणा दोन्ही गेले, आणि लिफ्ट ऑपरेटर बेटी लू ऑलिव्हर 75व्या मजल्यावरून थेट तळाला आली. कंबर, पाठ, मान मोडली, पण वाचली. तळाशी पडलेल्या दोरांच्या वेटोळ्यांमुळे आणि दाबल्या गेलेल्या हवेमुळे वाचली असं मानतात. उडीमुळे नाही.

'हलकी लिफ्ट' तर कहरच. आमच्या लिफ्टमधल्या पाटीवर लिहिलंय: 6 व्यक्ती, 408 किलो. दोराच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतं, साधारण रिकामी लिफ्ट अधिक निम्मा भार एवढं. म्हणजे मावशी एकटी असेल तेव्हा पलीकडची बाजू दीडशे किलोने जड. ब्रेक निकामी झाला तर दोर शाबूत असेपर्यंत ती खाली नाही, वर जाईल! उडी कुठल्या दिशेला मारायची?

अडकलेल्या लिफ्टमध्ये एकदम उड्या मारणं सगळ्यात घातक, कारण हे कुणीतरी खरंच करेल. धक्क्याने ते जबडे बसले की माणूस येऊन सोडवेपर्यंत लिफ्ट जागची हलत नाही. दारही उचकटू नका. भ्यायचंच असेल तर त्या दाराला भ्या, जे उघडतं आणि पलीकडे लिफ्टच नसते. अडकलात तर घंटा दाबा आणि बसून राहा.

मावशीला पटावं म्हणून तिथेच घंटेचं बटण दाबलं. वाजलं नाही. खाली उतरून सेक्रेटरींना सांगितलं, तर म्हणाले, "बघतो. पण तुम्ही ग्रुपवरचा मेसेज वाचला नाहीत का? मीच टाकलाय."